‘सेन्ड-ओन्ली’ला मराठीत काय म्हणायचं?

कानामात्रा
घरच्या लिनक्स सर्व्हरवर एक मार्गदर्शिका लिहितेय. डिस्क बिघडू लागली किंवा बॅकअप फसला की सर्व्हरने मेल धाडायची, बाहेरची मेल मात्र घ्यायची नाही. पोस्टफिक्समध्ये (मेल पाठवणारा-घेणारा प्रोग्रॅम) ‘इनेट इंटरफेसेस’ला ‘लूपबॅक-ओन्ली’ दिलं (म्हणजे फक्त त्याच यंत्रावरून आलेली मेल घ्यायची), ‘मायडेस्टिनेशन’ (कोणत्या डोमेनची मेल इथेच ठेवायची ती यादी) रिकामं ठेवलं, झालं. गाडी अडलीय ‘सेन्ड-ओन्ली’पाशी. ‘केवळ-प्रेषक’ लिहिलं तर भाऊ म्हणतो, हे काय लग्नपत्रिकेतलं वाटतंय!

जुनं खोड
कचेरीत आयुष्य गेलं. आवक-जावक नोंदवही ठाऊक आहे ना? मग ‘फक्त जावक’ म्हणा.

निर्भेळ
जावक असतं ते पत्र. बारनिशी कारकुनाला कोणी ‘जावक कारकून’ म्हणतं का? ‘एकप्रेषी’ घ्या.

जुनं खोड
म्हणतात. आमच्याकडे दोन होते.

सांडणीस्वार
पोस्टफिक्सवाले याला ‘नल क्लायंट’ म्हणतात, म्हणजे इंग्रजीतही आनंदच. मी ‘बहिरा सर्व्हर’ म्हणतो: बोलतो, ऐकत नाही. (बायकोला वाटतं मी स्वतःबद्दल बोलतोय.)
खरी पंचाईत ‘रिले’ची. घरच्या जोडणीवर बहुधा पोर्ट २५ (सर्व्हरांमधल्या मेलची नेहमीची वाट) बंद असतं, म्हणून मेल ५८७ वरून, लॉगिन करून, दुसऱ्या सर्व्हरकडे सोपवायची. याला ‘परहस्ते’ कसं वाटतं?

निर्भेळ
परहस्ते गेलं ते गेलं, असं सुभाषितच आहे. मेलच्या बाबतीत अपशकुन नको.

खटपट्या
शब्दांचं चालू द्या, पण ‘मायडेस्टिनेशन’ रिकामं असेल तर अलायसेसची फाइल (कोणत्या नावाची मेल कुठे द्यायची ती यादी) वाचलीच जात नाही. ती फक्त स्थानिक वाटपाला लागते. क्रॉनची (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) मेल ‘रूट’च्या, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या, नावाने थेट बाहेर जाईल आणि तिथून परत येईल. ‘व्हर्च्युअल अलायस मॅप्स’ वापरा.

जुनं खोड
परत आलेलीला ‘साभार परत’!

सांडणीस्वार
वा! आणि ती परत आणणारा ‘मेलर-डीमन’? डीमन (पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम) हा शब्द १९६०च्या दशकात एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये रुळला, भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या काल्पनिक राक्षसावरून. म्हणजे आपला ‘वेताळ’. तोही गप्प राहून काम करतो, उत्तर मिळालं की झाडावर परत.

निर्भेळ
वेताळ गप्प राहतो? गप्प राहायचं असतं विक्रमाने.

कानामात्रा
नोटिफिकेशनला ‘अधिसूचना’ राजपत्रासारखं वाटतं. ‘वर्दी’ लिहू? ‘डिस्क भरल्याची वर्दी’.

निर्भेळ
लोक गणवेश समजतील.

जुनं खोड
हिंदी पाहणारे समजतील. आमच्या गावी चोरी झाली की वर्दीच द्यायचे.

सांडणीस्वार
एमएसएमटीपी (फक्त मेल पाठवणारा छोटा प्रोग्रॅम) घेतला तर त्याला रांग नसते. पाठवताना नेट नसेल तर मेल गेली. आता ‘गेली’ म्हणजे रवाना झाली की कामातून गेली, हे मराठीत कसं कळायचं?

निर्भेळ
आधी ‘मेल गेला’ म्हणा. पुल्लिंगी आहे.

कानामात्रा
चिठ्ठी ती, मेल ती.

जुनं खोड
आमच्याकडे मेल तो. पण तो आगगाडीचा.

खटपट्या
अलायसेसचं कोणी वाचलं का?

निर्भेळ
वाचलं. ‘उर्फनामे’ म्हणा.