मदत हवी आहे: डिफेन्सिव्ह टॅकलचा खेळ बघायचा कसा?

नमस्कार मंडळी. आम्ही ओमाहाला राहतो. लेक यंदापासून हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये डिफेन्सिव्ह टॅकल (बचावफळीत मधोमध उभा राहणारा खेळाडू) खेळतोय. त्याचा आदर्श म्हणजे नेब्रास्का विद्यापीठाकडून खेळलेला एन्डॉमुकन सू. २००९ च्या बिग ट्वेल्व्ह या कॉलेज लीगच्या फायनलमध्ये टेक्सासविरुद्ध त्याने साडेचार सॅक केले (सॅक म्हणजे क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूला, पास फेकण्याआधीच पाडणं; दोघांनी मिळून पाडला की प्रत्येकाला अर्धा, हे लेकानेच समजावलं), तरी नेब्रास्का १३-१२ ने हरली. फार चुटपुट लागली. हाइझमनच्या (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराच्या) मतदानात तो चौथा आला, आणि २०१० च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक NFL संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) डेट्रॉइटने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं.

पण सॅक होत नाही, दोघं-दोघं डिफेन्सिव्ह टॅकलला अडवून धरतात, तेव्हा तो संघासाठी नेमकं काय करत असतो? नजर कुठे ठेवायची? जाणकारांनी कृपया सांगा. शुक्रवारी लेकाची मॅच आहे, मला त्याचा खेळ नीट कळायला हवाय.