लॅपटॉपची रॅम ८ वरून वाढवायची आहे, टास्क मॅनेजर म्हणतो दोन्ही स्लॉट भरलेत

बर्डीकर_७७
लॅपटॉप १५ इंची, इंटेल आय५-१०२१०यू, रॅम ८ जीबी डीडीआर४, विंडोज ११, डिस्क एनव्हीएमई (वेगवान एसएसडी). क्रोमचे पंधरा टॅब, टॅली आणि एक व्हिडिओ मीटिंग एकत्र चालू केली की मेमरी ९२ टक्क्यांवर जाते अन् हँग होऊन राहिला. टास्क मॅनेजरमध्ये 'स्लॉट वापरात : २ पैकी २' दिसते. बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) विचारलं तर दुकानदार म्हणतो दोन्ही काढून ८-८ च्या दोन नव्या स्टिक (रॅमच्या पट्ट्या) टाका. शिवाय त्याच्याकडे २६६६ वेगाची रॅम नाही, ३२०० ची आहे. चालेल का? घरी करणं जमेल का?

ऑरेंजसिटी_हार्डवेअर
थांबा भाऊ, दोन स्टिक घेऊ नका. या पिढीच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ४ जीबी बोर्डावरच सोल्डर केलेली (कायमची डाखलेली, न निघणारी) असते आणि स्लॉट एकच असतो. टास्क मॅनेजर सोल्डर केलेल्या चिपलाही स्लॉट म्हणूनच मोजतो. आधी कंपनीच्या साइटवर मॉडेल क्रमांक टाकून सर्व्हिस मॅन्युअल काढा. 'ऑनबोर्ड' किंवा 'सोल्डर्ड' लिहिलेलं असेल तर दुकानदाराची दुसरी स्टिक बसवायला जागाच नाही.

तसं असेल तर ४ ची स्टिक काढून १६ ची टाका, एकूण २०. आकार बरोबरीचा नाही म्हणून घाबरू नका. इंटेलमध्ये पहिले ४+४ जीबी ड्युअल चॅनलमध्ये (दोन मार्गांनी एकाच वेळी, म्हणून वेगात) चालतात, उरलेले १२ सिंगलमध्ये. टॅली-क्रोमला फरक जाणवणारही नाही. प्रोसेसरची मर्यादा ६४ जीबी आहे, पण लॅपटॉप कंपनीनं किती लिहिलंय तेही बघा.

३२०० बिनधास्त घ्या. हा प्रोसेसर २६६६ च्या वर जात नाही, त्यामुळे स्टिक २६६६ वरच चालेल. फक्त १.२ व्होल्टची साधी एसओ-डिम (लॅपटॉपची आखूड स्टिक), २६० पिनची डीडीआर४ घ्या. डीडीआर५ ची स्टिक २६२ पिनची असते, खाचही वेगळ्या जागी, ती बसणारच नाही.

स्क्रूड्रायव्हर_धंतोली
घरी जमेल, पण घाईनं नाही. शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे (विंडोजची लवकर सुरू होण्याची सोय) मशीन पूर्ण बंद होत नाही. चार्जर काढा. मागचे स्क्रू सगळे सारखे नसतात: बिजागरीकडचे लांब, हाताच्या बाजूचे आखूड. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरच्या पॅनलला फुगवटा येतो. म्हणून कागदावर लॅपटॉपचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. काही मॉडेलमध्ये एखादा स्क्रू रबरी पायाखाली दडलेला असतो; तो न काढता झाकण ओढलं की लॉक तुटतात.

झाकण बिजागरीच्या कोपऱ्यापासून जुन्या एटीएम कार्डानं सोडवत न्या, धातूचा चाकू नको. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर. वायर न ओढता प्लॅस्टिकला नख लावून काढा आणि पॉवर बटण १५ सेकंद दाबून ठेवा.

स्टिकच्या दोन्ही बाजूंच्या चापा बाहेर सारा, ती स्वतःच तिरकी उठते. नवी तशीच ३० अंशात, सोनेरी कडा जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत आत ढकला, मग खाली दाबा. दोन्ही चापांचा 'टिक' आला पाहिजे. एकच टिक आला तर स्टिक अर्धवट बसलीय, आणि सुरू करताना काळी स्क्रीन मिळेल.

सुरू नाही झालं की लोक सोनेरी कडा घासायला लगेच खोडरबर घेतात. ते नको, त्याचा चुरा स्लॉटमध्ये शिरतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन कडा पुसा.

उन्हाळी_कुलर
एक नागपुरी भर. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत टेरिकॉटचा शर्ट अन् प्लॅस्टिकची खुर्ची म्हणजे अंगात स्टॅटिक साठणार. सुती कपडे घाला आणि स्टिकला हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या धातूला स्पर्श करा, उदा. तीन पिनच्या प्लगवर लावलेल्या डेस्कटॉपच्या कॅबिनेटला. कुलरच्या खोलीत हवा ओलसर असते, ते बरंच. पण त्याच्या झोतासमोर उघडा बोर्ड ठेवू नका, पाण्याचे तुषार येतात.

बर्डीकर_७७
मॅन्युअलमध्ये ४ ऑनबोर्ड लिहिलंय, बरं झालं विचारलं. बसवल्यावर तपासायचं कसं?

ऑरेंजसिटी_हार्डवेअर
टास्क मॅनेजरमध्ये एकूण २० च्या जवळपास, १९.८ वगैरे, आणि वेग २६६७ (म्हणजे तोच २६६६) दिसायला हवा. सीपीयू-झेडमध्ये (हार्डवेअरची माहिती दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर) १३३३ दिसला तर दुकानात भांडायला जाऊ नका. डीडीआरचा खरा घड्याळ-वेग निम्माच असतो.

मग पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) चालवा, मोफत आवृत्तीत ४ फेऱ्या होतात. २० जीबीला काही तास लागतील, रात्रभर ठेवा. एक जरी चूक आली तरी आधी स्टिक काढून पुन्हा बसवा. तरी येतच असेल तर जुनी ४ ची परत लावून तपासा: तेव्हा चूक नाही आली तर नवी स्टिक बदलून मागा, तेव्हाही आली तर बोर्डावरची चिप किंवा स्लॉट गेलाय. म्हणून जुनी स्टिक इतक्यात विकू नका, बिलही जपा.