फ्लटर ॲप चार भाषांत आणताना मजकुराचा कोड जनरेट करावा का?

दांडियाबाजारकर, बडोदे

नमस्कार. येथील एका मराठी मंडळाच्या वाचनालयासाठी मी फ्लटरमध्ये (मोबाईल ॲप बनवण्याच्या साधनात) सभासदांचे छोटे ॲप तयार करीत आहे. पुस्तक शोधणे, राखून ठेवणे, परत करण्याची तारीख पाहणे आणि उशिराचा दंड समजणे, एवढ्याच सोयी त्यात आहेत. सभासदांमध्ये मराठी घरांतील ज्येष्ठ मंडळी आहेत, गुजराती माध्यमात शिकलेली त्यांची नातवंडे आहेत आणि नोकरीनिमित्त बडोद्यात आलेले हिंदी भाषकही आहेत. त्यामुळे ॲप मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चारही भाषांत असावे, असा समितीचा आग्रह आहे.

सध्या सर्व मजकूर एका मोठ्या मॅपमध्ये (नाव आणि त्यासमोर मजकूर अशा यादीत) ठेवला असून, जिथे हवा तिथे की-चे, म्हणजे त्या ओळीच्या खुणेचे, नाव अवतरणात लिहून तो उचलला जातो. दोन भाषांपर्यंत हे निभावले. चार भाषांत कोणती ओळ कुठे राहून गेली, हे स्क्रीन उघडल्याशिवाय कळत नाही. फ्लटरमध्येच एआरबी फायलींवरून (भाषांतराचा मजकूर ठेवायच्या फायली) डार्ट या फ्लटरच्या प्रोग्रॅमिंग भाषेतील कोड जनरेट करण्याची सोय आहे, असे वाचले. एवढ्या लहान ॲपसाठी तो खटाटोप करावा का, मूळ फाईल कोणत्या भाषेत ठेवावी, आणि जनरेट झालेल्या फायली गिटमध्ये (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) घालाव्यात का, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

राजवाडा_डेव्ह, इंदूर

अवश्य करावा. ॲप लहान आहे म्हणूनच आत्ता करावा. स्क्रीन वाढल्यावर जुन्या ओळी उपसत बसणे फार कंटाळवाणे होते.

पद्धत थोडक्यात अशी. फ्लटर_लोकलायझेशन्स आणि इंटल ही दोन पॅकेजेस (तयार कोडचे संच) जोडावीत, पबस्पेक या प्रकल्पाच्या मांडणीच्या फाईलमधील फ्लटर विभागात 'जनरेट: ट्रू' लिहावे, आणि एल१०एन.याम्ल या फाईलमध्ये एआरबी फायलींचा फोल्डर व मूळ फाईल कोणती ते सांगावे. एआरबी म्हणजे शेवटी जेसनच (नाव आणि मूल्य अशा जोड्यांची साधी मजकूर फाईल). प्रत्येक भाषेची एक फाईल. त्यावरून ॲपलोकलायझेशन्स नावाचा क्लास तयार होतो आणि प्रत्येक की ही त्या क्लासमधील गेटर किंवा मेथड (कोडमधून नावाने बोलावता येणारा घटक) होते. आपण की-चे नाव चुकवले, तर ॲप सभासदाच्या हातात जाण्याआधी कंपायलरच (कोड तपासून त्याचे ॲप बनवणारा प्रोग्रॅम) अडवतो. 'परत करण्याची तारीख' या ओळीला तारीख द्यायची राहिली, तरीही तो अडवतो. मॅपमध्ये ही हमी मिळत नाही.

मात्र एक गोष्ट कंपायलर पकडत नाही. मूळ फाईलमध्ये असलेली ओळ गुजराती फाईलमध्ये नसेल, तर गुजराती स्क्रीनवर मूळ भाषेतील मजकूर निमूटपणे दिसतो. यासाठी एल१०एन.याम्लमध्ये 'अनट्रान्स्लेटेड-मेसेजेस-फाईल' हा पर्याय द्यावा. कोणत्या भाषेत कोणत्या की राहिल्या, याची यादी त्या फाईलमध्ये पडते. ही यादी रिकामी नसेल तर बिल्ड (ॲपची नवी आवृत्ती बनवण्याची क्रिया) थांबवणारी दोन ओळींची स्क्रिप्ट लिहून ठेवावी.

मूळ फाईल इंग्रजीत ठेवावी, असे माझे मत आहे. एखादी ओळ राहूनच गेली, तर सभासदांपैकी बहुतेकांना इंग्रजी वाचता येते. जुने धडे पाहत असाल, तर त्यांतील फ्लटर_जेन या आभासी पॅकेजवरून इम्पोर्ट करण्याची पद्धत आता सोडून द्यावी. नव्या आवृत्त्यांत जनरेट झालेल्या फायली थेट आपल्या सोर्स फोल्डरमध्ये येतात.

लष्कर_ग्वाल्हेर

वरील उत्तराशी बहुतांशी सहमत आहे, पण मूळ भाषेच्या मुद्द्यावर नाही. आपल्या समितीतील मंडळी मजकूर मराठीत लिहिणार, आणि बडोद्यात तो मराठीतून थेट गुजरातीत नेणारी माणसे घरोघरी सापडतील. मग मध्ये इंग्रजी आणून दोनदा भाषांतर करण्यात काय हशील? राहिलेल्या ओळींची यादी रिकामी असल्याशिवाय बिल्डच होणार नसेल, तर मूळ मजकूर दिसण्याचा प्रसंग येतच नाही. मजकूर जो लिहितो, त्याची भाषा मूळ ठेवावी.

खरे काम पुढे आहे, आणि तेथे जनरेटर मदत करीत नाही. 'तुमच्याकडे ३ पुस्तके आहेत' ही ओळ घ्या. एआरबीमध्ये ती प्लुरल (एकवचन-अनेकवचनाचा) संदेश म्हणून लिहितात आणि 'वन' व 'अदर' असे दोन प्रकार देतात. युनिकोडच्या सीएलडीआर (निरनिराळ्या भाषांच्या रूढींचा संग्रह) नियमांप्रमाणे हिंदी आणि गुजराती यांत शून्यसुद्धा 'वन'मध्ये मोडते. भाषांतरकाराने हिंदीच्या 'वन'मध्ये अक्षरी 'एक पुस्तक' असे लिहिले, तर काहीच न नेलेल्या सभासदालाही ॲप एक पुस्तक बाकी असल्याचे सांगेल, आणि तो काउंटरवर येऊन भांडेल. म्हणून चारही भाषांत '=०' हा प्रकार वेगळा लिहावा ('तुमच्याकडे एकही पुस्तक नाही') आणि 'वन'मध्येही आकड्याची जागा प्लेसहोल्डरलाच (आयत्या वेळी मूल्य भरले जाणाऱ्या मोकळ्या जागेला) द्यावी.

अंकांचेही तसेच. इंटल पॅकेज मराठीसाठी आपोआप देवनागरी अंक वापरते, हिंदी आणि गुजरातीसाठी मात्र इंग्रजी अंक. प्लेसहोल्डरला फॉरमॅट न देता नुसता आकडा घातला, तर मराठी स्क्रीनवर तारीख '१५ जून' अशी देवनागरीत आणि तिच्याशेजारचा दंड इंग्रजी अंकांत, असे धेडगुजरी दृश्य तयार होते. आकड्याच्या प्लेसहोल्डरला 'डेसिमलपॅटर्न' फॉरमॅट द्यावा. समितीला सगळीकडे इंग्रजीच अंक हवे असतील, तर तारखांसाठी डेटफॉरमॅटमध्ये 'युजनेटिव्हडिजिट्सबायडिफॉल्टफॉर' ही सोय आहे. आधी समितीकडून निर्णय घ्यावा, मग कोडला हात लावावा.

आणि विभक्तीपासून सावध राहावे. शाखेचे नाव प्लेसहोल्डरमध्ये घालून पुढे 'त' किंवा 'हून' चिकटवण्याचा मोह होतो. 'मांडवीत' जमते, पण 'रावपुरा' आला की 'रावपुऱ्यात' व्हायला हवे, आणि ते कोणताही जनरेटर करणार नाही. 'शाखा: रावपुरा' अशी नाव मोकळे राहील अशी रचना करावी. सभासदाच्या नावापुढे 'आले' की 'आल्या' हा प्रश्नही असाच आहे. त्यासाठी एआरबीमध्ये सिलेक्ट संदेश आहे, पण त्याकरिता लिंगाची नोंद विचारावी लागते. 'परतीची नोंद झाली' अशी वाक्यरचना केल्यास तो प्रश्नच उरत नाही.

दांडियाबाजारकर, बडोदे

दोघांचेही आभार. मूळ फाईल मराठीत ठेवण्याचे मत पटले. एक शंका उरते. समितीतील एक ज्येष्ठ सदस्य मजकुरात वारंवार दुरुस्त्या सुचवतात. प्रत्येक वेळी नवे बिल्ड काढावे लागेल का? आणि सभासदाच्या फोनची भाषा इंग्रजी असली, तर ॲप इंग्रजीतच उघडेल का?

राजवाडा_डेव्ह, इंदूर

होय, दोन्ही बाबतींत. मजकूर कोडमध्येच मिसळला जात असल्याने एक अनुस्वार बदलला तरी नवी आवृत्ती द्यावी लागते. या पद्धतीचा हा खरा तोटा आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. बटणे, शीर्षके, सूचना एआरबीमध्ये ठेवाव्यात. सणाच्या सुट्ट्या, नवी पुस्तके, समितीची निवेदने असा बदलता मजकूर सर्व्हरवरून चारही भाषांत मागवावा. त्या सदस्यांना दुरुस्त्या पंधरवड्याला एकदाच द्यायला सांगावे, हे तंत्रज्ञानापेक्षा अवघड असले तरी.

फोनची भाषा इंग्रजी ठेवून मराठी वाचणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत, म्हणून ॲपमध्ये भाषा निवडण्याची सोय द्यावीच. निवडलेली भाषा फोनमध्ये साठवून मटेरियलॲपच्या (फ्लटर ॲपच्या मूळ घटकाच्या) 'लोकॅल' या भाषेच्या पर्यायाला द्यावी, एवढेच काम आहे. फोनची भाषा आपल्या चारांपैकी कोणतीच नसेल, तर फ्लटर यादीतील पहिली भाषा घेते, आणि जनरेट झालेली यादी इंग्रजी वर्णानुक्रमाने लागते. उद्या समितीने इंग्रजी काढून टाकली, तर तमिळ भाषेतील फोनवर आपले ॲप गुजरातीत उघडेल. क्रम बदलायचा असेल, तर 'प्रेफर्ड-सपोर्टेड-लोकॅल्स' हा पर्याय आहे. आयफोनसाठी इन्फो.प्लिस्ट या ॲपच्या माहितीच्या फाईलमध्ये भाषांची यादी स्वतंत्रपणे भरावी लागते.

लष्कर_ग्वाल्हेर

गिटचा प्रश्न तसाच राहिला. एकटे काम करीत असाल, तर जनरेट झालेल्या फायली गिटमध्ये घालण्याची गरज नाही. बिल्डच्या वेळी त्या पुन्हा तयार होतात. पण आपले भाषांतरकार थेट एआरबी फायली बदलून पाठवणार असतील, तर जनरेट झालेल्या फायलीही घालाव्यात, असे मी म्हणेन. एखाद्याने प्लेसहोल्डर महिरपी कंसांसकट चुकून खाऊन टाकला, तर जनरेट झालेल्या कोडमधील फरकात ते चटकन दिसते. गुजराती एआरबी तपासताना आपल्याला लिपी सहज वाचता येत नसेल, तरी कंस मोजता येतात.