संस्थापकाने पद सोडणे म्हणजे पळ काढणे आहे काय?

धागाकर्ती: ‘स्वतः उभारलेली कंपनी भरात असताना दुसऱ्याच्या हाती सोपवणारा संस्थापक जबाबदारीतून पळ काढतो,’ हे निर्भय यांचे कालचे विधान मला इतके खटकले की उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. दहा माणसांची कंपनी उभी करणे आणि दहा हजारांची चालवणे ही भिन्न कामे असून दोन्ही एकाच माणसाला साधतीलच असे नाही. बिल गेट्स यांनी जानेवारी २००० मध्ये मायक्रोसॉफ्टचे मुख्य कार्यकारी अधिकारीपद सोडले, जेफ बेझोस यांनी जुलै २०२१ मध्ये ॲमेझॉनचे. यांना पळपुटे म्हणायचे काय?

निर्भय: उदाहरणे आपण सोयीची निवडली आहेत. स्टीव्ह जॉब्स १९८५ मध्ये ॲपलबाहेर पडले आणि १९९७ मध्ये परतले, तेव्हा कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. डेल या संगणक कंपनीचे संस्थापक मायकेल डेल यांनाही २००४ मध्ये सोडलेले मुख्य कार्यकारी अधिकारीपद २००७ मध्ये पुन्हा हाती घ्यावे लागले. नेमलेला अधिकारी तिमाहीचे आकडे राखतो. ती वस्तू मुळात कशासाठी घडवली गेली, याची तळमळ त्याला नसते.

धागाकर्ती: जॉब्स यांचे अधिकार संचालक मंडळाने आधीच काढून घेतले होते. त्याला स्वेच्छेचा पदत्याग म्हणून पुढे करणे प्रामाणिकपणाचे नाही.

माजी लेखापाल: तुम्ही दोघेही मुख्य गोष्ट टाळत आहात. मी जिथे अकरा वर्षे हिशेब सांभाळले, तिथल्या संस्थापकांनी समारंभपूर्वक पद सोडले आणि ते अध्यक्ष झाले; दालन मात्र तेच राहिले. नव्या अधिकाऱ्यांनी सकाळी नामंजूर केलेला खर्च संध्याकाळी त्या दालनातून मंजूर होऊन माझ्या टेबलावर येई, आणि कोणाची सही ग्राह्य धरायची हे मला कोणीही सांगत नसे. दीड वर्षात नवे अधिकारी निघून गेले आणि ‘बाहेरच्या माणसाला जमले नाही’ असे ठरले. गेट्सही २००० नंतर लगेच दूर झाले नव्हते, २०१४ पर्यंत ते अध्यक्षपदी होते.

निर्भय: एका दालनावरून सगळ्या संस्थापकांना आरोपी ठरवणे हा अन्याय आहे. ज्याने घर गहाण ठेवून पहिले पगार दिले, त्याने सल्लाही द्यायचा नाही काय?

माजी लेखापाल: सल्ला अवश्य द्यावा, सही करू नये. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी डिसेंबर २०१९ मध्ये गूगलची पालक कंपनी अल्फाबेट हिची कार्यकारी पदे सोडली, तेव्हा एका समभागाला दहा मते असलेल्या खास समभागांमुळे मतांचे बहुमत त्यांच्याच हाती होते. ते मला पटत नाही, परंतु निदान ते कागदावर होते आणि त्यांच्या जागी आलेल्या सुंदर पिचाई यांना ते ठाऊक होते. आमच्याकडे सारे बंद दाराआड चालले, आणि लेखापरीक्षणात उत्तरे मला द्यावी लागली.

धागाकर्ती: पद गेले की सत्ताही गेली, असे मी गृहीत धरले होते, ती माझी चूक झाली. निर्भय यांचे मूळ विधान मात्र त्याने खरे ठरत नाही.

निर्भय: ‘पळ काढतो’ हे शब्द मी मागे घेतो, तेही अनिच्छेने. मी ज्यांच्या हाताखाली यंत्रजोडणी शिकलो, त्यांनी आपली कंपनी सोडल्यावर सहा महिन्यांत आमचा दुरुस्ती विभाग बंद करण्यात आला. आम्ही त्यांना भेटायला गेलो, तेव्हा ‘आता तो माझा अधिकार नाही,’ एवढेच ते म्हणाले. लेखापालांच्या कसोटीला ते पूर्ण उतरतात, हे मला नाकारता येत नाही. त्या वाक्याचा राग मात्र अजून गेलेला नाही.