प्लेटिंगच्या कामगारांना घातक कचऱ्याचं ट्रेनिंग मराठीतून कसं द्यायचं?

उद्यमबाग_शिफ्ट२:
बेळगावात क्रोम आणि सायनाइड झिंक, दोन्ही लाईन आहेत. १४ कामगार, बहुतेक खानापूर-चंदगडकडचे. एसडीएस (रसायनाच्या सुरक्षिततेची माहितीपत्रकं) इंग्रजीत, ड्रमवर कन्नड; दोन्ही वाचणारे दोघेच. कन्सल्टंट दोन तास स्लाइड दाखवून सह्या घेऊन जातो. नक्की शिकवायचं काय?

रिन्स_टँक:
एसडीएसचे १६ भाग सगळे नकोत. ४, ६, ७, ८ आणि १० घ्या (प्रथमोपचार, सांडल्यास काय, हाताळणी, हातमोजे-मास्क, कशाशी जुळत नाही) आणि प्रत्येक टाकीसाठी एक पान मराठीत करून टाकीशेजारीच लावा.

पहिला धडा दहाव्या भागाचा. सायनाइडच्या पाण्यात ॲसिड गेलं की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. त्याचा कडू बदामासारखा वास सगळ्यांना येत नाही, म्हणून वासावर भरवसा नाही. दोन्ही लाईनच्या बादल्या, मग, पंप, खड्डे वेगळे ठेवा. बादल्यांना रंग द्या, नावं नकोत. सायनाइडचं पाणी आधी पीएच १०.५ च्या वर नेऊन सोडियम हायपोक्लोराइटने मोडायचं, ते तपासून झाल्यावरच पुढच्या टाकीत सोडायचं. आणि कुणी कोसळला तर श्वसनसंच नसलेल्याने आत धावायचं नाही, तोंडाने श्वास द्यायचा नाही. हे पाठ नको, करून घ्या.

चुना_पावडर:
क्रोमची चूक वेगळी असते. क्रोमिक ॲसिड सांडलं की हात आपोआप भुशाकडे किंवा कॉटन वेस्टकडे जातो. ते जबर ऑक्सिडायझर आहे, भुसा पेट घेऊ शकतो. कोरडी वाळूच टाका.

पाण्याची प्रक्रिया करताना आधी सल्फ्युरिकने पीएच २.५ च्या आसपास आणा, मग सोडियम मेटाबायसल्फाइट (विषारी क्रोमियमला कमी घातक रूपात आणणारी पावडर). १ किलो क्रोमियमला हिशेबाने पावणेतीन किलो लागतं, प्रत्यक्षात थोडं जास्त. पिवळं पाणी हिरवं होतं. पीएच ४ च्या वर असला तर रंग बदलतच नाही, मग ऑपरेटर मेटा ओतत बसतो; नंतर ॲसिड पडलं की सल्फर डायऑक्साइडचा भपका उठतो. तेव्हा मेटा वाढवण्याआधी पीएच बघायचा, एवढं एक वाक्य टाकीवर लिहा. डायफेनिलकार्बाझाइडच्या थेंबाने जांभळं झालं तर विषारी क्रोमियम उरलंय, काम अपुरं. शेवटी चुन्याने पीएच ८ ते ८.५ करा, म्हणजे क्रोमियम तळाशी बसतं. कॉस्टिक सोडा वापरून पीएच दहाकडे गेला तर बसलेलं क्रोमियम परत विरघळायला लागतं.

उद्यमबाग_शिफ्ट२:
भुशाचं पोतं आजच बाहेर काढतो. लेबलचं काय? त्यावर मराठी चालेल का?

मॅनिफेस्ट_पिवळी:
घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत लेबल फॉर्म ८ चं: झगमगीत पिवळं, धोक्याची सूचना लाल अक्षरांत, हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत, आपल्याकडे कन्नड. त्यात ढवळाढवळ नको, मराठी सूचना शेजारच्या भिंतीवर स्वतंत्र लावा.

कचरा सांभाळणाऱ्या माणसाला तीन गोष्टी यायला हव्यात: फॉर्म ३ मधली कचऱ्याची नोंद, ९० दिवसांची साठवण मर्यादा, आणि मॅनिफेस्टच्या (कचऱ्यासोबत जाणारा वाहतुकीचा कागद) सात रंगांच्या प्रतींपैकी ड्रायव्हरची सही घेऊन पिवळी प्रत ठेवणं. निळी प्रत कचरा घेणाऱ्याकडून परत येते. ती आली नाही तर फोन कुणी करायचा ते आधी ठरवा. आणि रिकामे ड्रम पाणी साठवायला घरी न्यायची सवय मोडा, रिकामा ड्रमसुद्धा घातक कचऱ्यातच मोजतात.

रिन्स_टँक:
सह्या घेऊ नका असं नाही. पण सहीआधी प्रत्येकाकडून २ लिटर साधं पाणी सांडवून, वाळू टाकून, उचलून, योग्य बादलीत टाकून घ्या. बादली चुकली तर सही नाही.