मदत हवी आहे: कोरियातल्या ऑफिसच्या जेवणावळीत शाकाहारी भाचीने काय करावं?

माझी भाची कॅनडाची नागरिक आहे, दक्षिण कोरियात देगूला एका हागवॉनमध्ये, म्हणजे खासगी क्लासमध्ये, इंग्रजी शिकवते. शिकवणं रात्री उशिरा संपतं, त्यामुळे सहकाऱ्यांबरोबरची जेवणं हीच काय ती ओळखी वाढवायची संधी. पण तिथे टेबलावर डुकराचं मांस भाजलं जातं, वरिष्ठ स्वतः सोजू, म्हणजे तिथली दारू, ओततात. ही शाकाहारी, दारू घेत नाही. किमचीतही, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या भाजीतही, बहुधा मासळीचा सॉस असतो! ग्लास दोन्ही हातांनी धरायचा हे ती शिकली आहे. पण वरिष्ठांचा मान राखून नको कसं म्हणायचं? सोजूऐवजी कोल्ड्रिंक ओतून घेतलं तर चालतं का? देगूत कुणी मराठी आहे का? पोर फार एकटी पडली आहे, कृपया अनुभव सांगा.