पहिलंच कुत्रं आहे, ट्रेनर रिमोट कॉलर घ्या म्हणतोय. घ्यावा का?

बंड्याचा_बाबा (सिंहगड रोड)

नमस्कार मंडळी. आमच्या घरात याआधी कुणीच कधी कुत्रं पाळलं नव्हतं, बंड्या पहिलाच. बीगल आहे, 14 महिन्यांचा. घरात एकदम गुणी, मुलीच्या मांडीवर झोपतो, पण तळजाई टेकडीवर नेऊन मोकळा सोडला आणि एकदा का नाक जमिनीला लागलं की मी घसा फोडून हाका मारल्या तरी ढिम्म. गेल्या रविवारी मोराच्या मागे झाडीत घुसला तो 40 मिनिटं सापडलाच नाही, बायको रडायला लागली होती, मी पण आतून हललो होतो. त्यात घरी लिफ्टचं दार वाजलं की भुंकतो, खालच्या मजल्यावरचे काका दोनदा वर येऊन गेले.

घरी जो ट्रेनर येतो तो म्हणाला शॉकवाला रिमोट कॉलर (आपण रिमोटचं बटण दाबलं की गळ्यात शॉक देणारा पट्टा) लावा, पंधरा दिवसांत सुतासारखा सरळ होईल. ऑनलाइन बघितलं तर अडीच-तीन हजारात मिळतायत, बीप, व्हायब्रेशन, 0 ते 100 लेव्हलचा शॉक, सगळं एकातच. त्याला त्रास द्यायचा नाहीये पण तो परत हरवायलाही नकोय. माझ्यासारख्या नवख्याने हे वापरावं का? ज्यांनी खरंच वापरलंय त्यांनी सांगा प्लीज.

मोतीची_आई (कोथरूड)

मी वापरलाय दादा, म्हणून लिहितेय. नका घेऊ.

मोती आमचा इंडी, रस्त्यावरून आणलेला. फिरायला नेलं की दुसरी कुत्री दिसताच ओढायचा, भुंकायचा. मला पण असाच सल्ला मिळाला होता. पहिले चार दिवस वाटलं की जादू झाली, बटण दाबलं की गप्प. पाचव्या की सहाव्या दिवशी गेटपाशी एक कुत्रा दिसला, मोती ओढायला लागला, मी बटण दाबलं आणि नेमका त्याच क्षणी शेजारचा पाच वर्षांचा मुलगा सायकल घेऊन समोर आला. मोती त्या मुलाकडे बघत होता. त्याच्या डोक्यात काय बसलं ते मला त्या दिवशी कळलंच नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तो लहान मुलं बघून गुरगुरायला लागला. ज्या पोराच्या हातून रोज बिस्किट खायचा त्याच्यावर!

कुत्र्याला बटण दिसत नाही ना. त्याला एवढंच कळतं की मी अमुक गोष्टीकडे बघत होतो आणि मला दुखलं. आपण "ओढलास म्हणून" शिक्षा देतो आणि तो "हा मुलगा आला म्हणून दुखलं" असं शिकतो. अर्धा-एक सेकंद इकडचं तिकडे झालं तरी सगळं फिरतं, आणि ते माझ्याच्याने जमलं नाही. नंतर आठ महिने आम्ही सोसायटीच्या मैदानात लांब कोपऱ्यात बसून मुलं दिसली की उकडलेलं चिकन, मुलं दिसली की चिकन, असं करत करत अंतर कमी करत आणलं. आता ठीक आहे पण तो मुलगा धावत आला की मोती अजूनही आधी माझ्या मागे सरकतो. मला ते बघून दर वेळी वाईट वाटतं.

शेतावरचा_गडी (मुळशी)

ताई तुमचं दुःख समजतं, पण कॉलर म्हणजे निव्वळ क्रूरपणा असं मला नाही वाटत, म्हणून दुसरी बाजू पण लिहितो. माझ्याकडे शेतावर तीन कुत्री आहेत, बारा-तेरा वर्षं कुत्री पाळतोय. शेजाऱ्यांच्या शेळ्यांमागे लागायची, एक दिवस कुणीतरी विष घालेल अशी वेळ आली होती, तेव्हा एका जाणत्या माणसाकडून शिकून रिमोट कॉलर वापरला.

पण कसा वापरला ते ऐका. आधी तीन महिने लांब दोरीवर "ये" पक्कं केलं, म्हणजे हाक मारली की शंभरातून नव्वद वेळा कुत्रं येणारच. मग दोन-तीन आठवडे कॉलर नुसता गळ्यात, बंद. मग लेव्हल शून्यापासून एक-एक वाढवत जिथे कुत्रं फक्त कान हलवतं तिथे थांबायचं, ओरडलं किंवा मान झटकली म्हणजे तुम्ही पुढे गेलात. आणि हो, शांत अंगणात जी लेव्हल बरोबर असते ती शेळी दिसल्यावर त्याला जाणवत पण नाही, तिथेच नवीन माणूस चिडून चाळीस-पन्नासवर नेतो आणि कुत्र्याचं वाटोळं होतं.

आता बंड्याच्या बाबांनी स्वतःलाच विचारावं, बंड्याला "ये" म्हणजे काय हे दोरीवर तरी पक्कं येतं का? येत नसेल तर शॉक कशासाठी बसला हे त्याला कळणार कसं? जो ट्रेनर तुमच्या कुत्र्याला दोरीवर न बघता पंधरा दिवसांची गॅरंटी देतो त्याच्यापासून लांब राहा. आणि भुंकण्यासाठी तर अजिबातच नको, आपोआप शॉक देणारे स्वस्त कॉलर बाजूचं कुत्रं भुंकलं तरी चालू होतात, मी स्वतः बघितलंय.

दवाखान्यातली (कर्वेनगर)

मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते, डॉक्टर नाहीये पण गळ्यावरच्या जखमा मीच साफ करते. कॉलरला त्या दोन धातूच्या टोच्या असतात ना, त्या कातडीला टेकायला हव्यात म्हणून लोक पट्टा घट्ट आवळतात आणि दिवसभर तसाच ठेवतात. पावसाळ्यात मान ओली, खाली घाण, की दोन गोल लाल भोकं पडतात, पू होतो. बरेचदा ते भाजलेलं नसतं, सतत दाबून झालेलं असतं, पण कुत्र्याला दुखायचं ते दुखतंच.

आणि बीगल आहे म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. जर्मनीत 14 बीगलवर एक अभ्यास झाला होता, 2007 मध्ये छापून आला. सशाची डमी वापरली होती आणि तीन गट केले होते. एका गटाला डमीला तोंड लावलं की त्याच क्षणी शॉक. दुसऱ्या गटाला डमीमागे धावताना हाक मारली आणि आले नाहीत तर शॉक. तिसऱ्याला कधीही, कशाचाही संबंध नसताना. लाळेतलं ताणाचं हार्मोन, कॉर्टिसॉल, मोजलं. पहिल्या गटात फारसं वाढलं नाही, बाकीच्या दोन्ही गटांत स्पष्ट वाढलं. बंड्याच्या बाबा, तुम्हाला जे करायला सांगितलंय ते नेमकं दुसऱ्या गटासारखं आहे. का बसला हे कुत्र्याला समजलं नाही की ताण चढतो, आणि तळजाईवर झाडीत दिसेनासा झालेल्या कुत्र्याला तुम्ही बटण दाबाल तेव्हा तो काय करत होता हे तुम्हालाही माहीत नसणार.

मुळशीच्या दादांसाठी पण एक. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाने 63 कुत्र्यांवर केलेला अभ्यास 2020 मध्ये आला, हाकेला न येणं हाच मुख्य प्रॉब्लेम असलेली कुत्री होती. कॉलर वापरणारे ट्रेनर नवखे नव्हते, कॉलर बनवणाऱ्यांच्याच संघटनेने सुचवलेले होते. तरी खाऊ-शाबासकीवर शिकवलेली कुत्री हाकेला जास्त लवकर आली, परत परत सांगावं कमी लागलं. म्हणजे तरबेज हातातही त्याचा जास्तीचा फायदा दिसला नाही, तर आपल्यासारख्यांच्या हातात कशाला द्यायचं? वेल्समध्ये 2010 पासून शॉक कॉलर वापरायला बंदीच आहे.

शेतावरचा_गडी (मुळशी)

हा अभ्यास मला माहीत नव्हता. माझ्या कुत्र्यांबद्दल मी म्हणतो ते माझ्या अनुभवाचं आहे, ते मी बदलणार नाही, पण नवख्याने घेऊ नये यात आपलं दोघांचं एकच आहे.

टेकडी_रोज (पाषाण)

बीगल पिढ्यानपिढ्या वास काढत सशामागे धावायलाच तयार केलेली जात, त्याच्यावर चिडू नका. त्याला आत्ता मोकळं सोडूच नका. तसंही मोर आपल्या 1972 च्या वन्यजीव कायद्यात वरच्या यादीत आहे, टेकडीवर कुत्रं त्याच्यामागे लागणं मोराच्या जिवावरचं आहे.

10 मीटरची लांब दोरी घ्या, हार्नेसला (छातीभोवती घालायचा पट्टा) लावा, गळ्याला नको, धावत सुटला तर मानेला हिसका बसतो. आधी घरात, मग पार्किंगमध्ये, मग सकाळी सहाला रिकाम्या मैदानात. आला की दर वेळी काहीतरी भारी, चिकन, पनीर, नेहमीचे डॉगफूडचे दाणे नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हाक मारून लगेच पट्टा लावून घरी नेऊ नका, आला, खाऊ दिला, परत "जा" म्हणा. नाहीतर "ये" म्हणजे मजा संपली हे तो शिकतो, आमच्या लॅब्राडॉरने हेच शिकलं होतं.

लिफ्टचं म्हणाल तर दाराच्या आवाजावर खाऊ, भुंकायच्या आधी. आणि त्याची पथारी दारापासून आतल्या खोलीत हलवा. काकांना जाऊन भेटा, काम चालू आहे म्हणून सांगा, माणसं ऐकतात.

बंड्याचा_बाबा (सिंहगड रोड)

सगळ्यांचे आभार, मोतीची गोष्ट बायकोला वाचून दाखवली, तिने तिथेच ठरवलं नाही म्हणून. ट्रेनरला कळवलं, तो नाराज झाला, आता ट्रेनरच बदलतोय.

दोरी आणली. तीन दिवस पार्किंगमध्ये करतोय, काल दहापैकी सात वेळा आला, मांजर दिसल्यावर मात्र एकदाही नाही. एक अडचण आहे, दोरी नायलॉनची आहे, तो जोरात पळाला की हाताला चटका बसतो, तळवा सोललाय. काय वापरता तुम्ही?

टेकडी_रोज (पाषाण)

चपटी सुती पट्टी घ्या, लक्ष्मी रोडला नाडीपट्ट्यांच्या दुकानात मीटरवर मिळते, हुक शिवून घ्या. हाताला गुंडाळू नका कधीच, पळाला की पाय टाकून थांबवायची. आणि मांजरापासून पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला सुरुवात करा, जिथून मांजर दिसतं पण तो अजून तुमच्याकडे वळून बघतो, तिथून.